मागच्या दोन रांगांचं नाटक

कोट शिवून झाला आणि त्यावरून बाबांचं आणि ताईचं वाजलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले, पण त्यांचा जीव आयुष्यभर गुंतला तो सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत. बँक सुटली की तालीम, तालीम सुटली की कोपऱ्यावर उभं राहून पुन्हा तालमीबद्दलच बोलणं. त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा वकील, डॉक्टर, मुलीचा मामा अशी कामं यायची. मागच्या वर्षी, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना पहिल्यांदा नाटकभर रंगमंचावर असणारी भूमिका मिळाली. संस्थेतल्याच एका निवृत्त प्राध्यापकांनी नाटक लिहिलं होतं आणि तेच ते बसवत होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. नाटक एका स्टेशनमास्तरचं. त्याच्या स्टेशनवर आता एकही गाडी थांबत नाही, तरी तो रोज कोट घालून फलाटावर येतो. सोबतीला स्टेशनवरचा एक हमाल.

तो कोट शिवायचं काम बाबांनी ताईला दिलं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. लग्न होऊन ती सातारला गेली. भावोजींनाही ऐकू येत नाही. ते तिथल्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. ताई घरी शिवणकाम करते आणि तिच्या हातच्या ब्लाउजसाठी कोरेगावहून बायका येतात. आम्ही दोघी लहानपणापासून हातांनी बोलतो. व्हिडिओ कॉल आल्यापासून तर आमचा एक दिवस सुना जात नाही. मी भाकरी थापत असले की ती चिडते, कारण माझे हात पिठात म्हणजे माझं तोंड बंद.

कोट सातारहून आला. बाबांनी तो अंगात घातला, आरशासमोर पुढून-मागून पाहिला आणि ताईला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं.

"झकास झालाय," ते तोंड मोठं उघडून म्हणाले. हातांची भाषा त्यांना जुजबीच येते. "आता प्रयोगाला यायचं."

ताईने उत्तर दिलं ते मी बोलून सांगितलं. "कोट मी शिवलाय. तो मी बघितलाय. आणखी काय बघायला येऊ?"

"अगं, मी आहे की त्यात!"

"तुम्ही दोन तास तोंड हलवणार. ते मी घरीपण बघते."

बाबांनी कोट काढला, त्याची नीट घडी घातली आणि ते आतल्या खोलीत निघून गेले. तिकडे ताईने कॉल बंद केला. मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. दोघांचंही चुकलं नव्हतं, म्हणून कुणाची समजूत घालावी तेही कळेना.

मी कुपवाडला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. खाली पंपाचे भाग बनवणारा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आम्ही. वसाहतीतल्या कारखान्यांमध्ये कुठलं यंत्र चालू आहे, कुठलं बंद पडलंय, हे मालकाला फोनवर दिसावं यासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. हे सगळं पायथनमधल्या एका लायब्ररीवर उभं आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून, पारखून ठेवलेला कोड. आपण तो आपल्या प्रोग्रॅममध्ये बोलवून घ्यायचा. आमच्या या लायब्ररीत दोन्ही बाजू मिळतात. प्रश्न विचारणारा क्लायंट लिहायचा असेल तर तो लिहिता येतो, आणि उत्तर देणारा सर्व्हर लिहायचा असेल तर तोही. तिचं मला सगळ्यात आवडतं ते हे, की ती एका कामापायी अडून बसत नाही. कुकर चढवल्यावर शिट्टी होईपर्यंत आपण काही ओट्याशी हात बांधून उभ्या राहत नाही. काकडी चोचवतो, ताटं पुसतो. शिट्टी झाली की कुकरकडे वळतो. ही लायब्ररी तशीच काम करते. पन्नास यंत्रांना एकदम विचारून ठेवते आणि ज्याचं उत्तर येईल ते उचलते.

त्या आठवड्यात एक दिवस गाडीवरून घरी येताना, सिग्नलला थांबले असताना, मनात आलं: लेथ बंद पडली तर तिची खबर दुसऱ्या मिनिटाला मालकाच्या फोनवर जाते. मग बाबांचं वाक्य ताईच्या फोनवर का जाऊ नये? मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा झाल्याचं कळलं.

सरांनी नाटक संगणकावरच लिहिलं होतं. कशाला हवंय ते न सांगता मी ती फाईल मागून घेतली. त्या रविवारी स्वयंपाक उरकून बसले आणि सगळं नाटक वाक्यावाक्याने तोडलं. मग एक छोटा सर्व्हर लिहिला. माझ्या लॅपटॉपवर मी एक बटण दाबायचं, की पुढचं वाक्य सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येक फोनवर उमटलं पाहिजे. फोनने सारखं सारखं विचारायचं नाही, एकदा जोडलं की ती वाट उघडी ठेवायची आणि वाक्य आपोआप तिकडे सरकायचं. या लायब्ररीत त्याची सोय आहे. फोनवर ॲप घ्यायची गरज नव्हती, साधं पान उघडलं की झालं. इंटरनेटही नको. एक राउटर, एक लॅपटॉप. दुपारचा चहा होईपर्यंत माझ्या फोनवर स्टेशनमास्तर बोलायला लागला होता.

पुढच्या शनिवारी मी लॅपटॉप आणि राउटर पिशवीत घालून सातारची एसटी पकडली. तालमीचं चित्रण मी आधीच फोनवर करून घेतलं होतं. ताईच्या घरी ते टीव्हीवर लावलं, ताईच्या आणि भावोजींच्या हातात त्यांचे फोन दिले, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बटण दाबायला बसले.

पहिली काही वाक्यं गेली. भावोजी फोनकडे बघून मान डोलवत होते. ताईने मात्र हात वर करून मला थांबवलं.

"चुकतंय," ती म्हणाली.

"काय? अक्षर नीट येत नाहीये?"

"अक्षर येतंय. लवकर येतंय. बाबांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळतं ते काय म्हणणार. मग त्यांच्याकडे बघू कशाला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यंत्राच्या कामात खबर जितकी लवकर तितकी चांगली. इथे मात्र लवकर म्हणजे चूक. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि या वेळी बाबांचे ओठ हलले की मगच बटण दाबलं. ताईने दोन्ही डोळे बारीक करून पाहिलं आणि हाताने 'चालू दे' अशी खूण केली. मग तिच्या सूचनांची सरबत्तीच सुरू झाली. पांढरा पडदा डोळ्यांत खुपतो, काळा कर. अक्षर मोठं कर. कोण बोलतंय त्याचं नाव लिहू नकोस, वाचण्यात वेळ जातो. बाबांना एक रंग दे, हमालाला दुसरा. मी तिथेच बसून बदल करत होते, सर्व्हर थांबवून पुन्हा चालू करत होते, आणि दर वेळी त्यांचे फोन आपणहून पुन्हा जोडले जात होते. भावोजींना नाटकापेक्षा त्याचंच जास्त नवल. त्यांनी मुद्दाम फोन बंद करून, परत चालू करून तीन-चारदा पाहिलं.

नाटकात एक प्रवासी येतो आणि गाडी किती उशिरा आहे ते विचारतो. स्टेशनमास्तर म्हणतो, "गाडी अगदी वेळेवर आहे. फक्त ती इथे थांबत नाही." हे वाक्य फोनवर उमटलं आणि ताई टीव्हीकडे बघत म्हणाली, "बाबा असंच बोलतात. घरी पण." मग तिने विचारलं, "प्रयोग कधी आहे?"

आता उरले बाबा.

नाट्यगृहात मोबाइल ही बाबांची दुखरी नस. पूर्वी एकदा त्यांच्या मोठ्या प्रसंगात कुणाचा तरी फोन वाजला होता, तो किस्सा आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेला आहे. त्यामुळे मी आधी सरांना गाठलं. सर विचार करून म्हणाले, "मागच्या दोन रांगा, डावीकडच्या. फोनचे पडदे काळे. आवाज बंद. माझी हरकत नाही. पण तुझ्या बाबांना तू सांगायचंस, मी नाही."

मी बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "माझ्या प्रयोगात? मोबाइल?"

"ताईसाठी, बाबा. ती आणि तिच्या ओळखीचे, तिच्यासारखेच ऐकू न येणारे लोक येतील. सातारचे, इकडचे पण."

"आणि मी तिकडे जीव तोडून काम करणार, आणि ती खाली मान घालून फोन बघत बसणार. त्यापेक्षा न आलेली बरी."

मी ताईला कॉल लावला आणि फोन त्यांच्या समोर धरला. बाबा जे म्हणाले ते तिला सांगितलं. ताई शांतपणे म्हणाली, "त्यांना सांग, आत्ता त्यांच्या तोंडासमोर पेपर आहे."

मी सांगितलं.

"तुम्ही पेपरच्या आडून बोलता," ताई पुढे म्हणाली, "तेव्हा मी पेपरची मागची बाजू बघत बसते. कितीतरी वर्षं. क्रिकेटच्या बातम्या पाठ झाल्या माझ्या."

बाबांनी पेपर खाली ठेवला. आधी त्यांचा चेहरा उतरला, मग क्रिकेटचं लक्षात येऊन त्यांना हसू फुटलं. ते कधीपासून हे करत होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. पेपरची घडी घालत मला म्हणाले, "कोपऱ्यात बसव म्हणजे झालं. आणि एकाचा जरी फोन वाजला तर मी नाटक थांबवीन."

नाटक थांबलंच, पण फोन वाजला म्हणून नव्हे.

रंगीत तालमीला ताई, भावोजी आणि त्यांच्या ओळखीचे दहा-बारा जण आले. काही सातारहून एसटीने, काही सांगली-मिरजेचे. मी खुर्च्यांच्या पाठीवर क्यूआर कोडचे कागद चिकटवले होते. फोनचा कॅमेरा त्यावर धरला की पान उघडायचं. माझी जागा प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याच्या शेजारी होती. तो जत तालुक्यातला, मेंढपाळांच्या घरातला, माझ्याच वयाचा. माझा लॅपटॉप बघून त्याने स्वतःची खुर्ची सरकवली. "हितं बसा की मॅडम, हितनं स्टेज बेस दिसतंय. मी बी बटणंच दाबतो, तुमी बी बटणंच दाबा." माझ्या दुसऱ्या बाजूला प्रॉम्प्टिंग करणाऱ्या काकू. त्या संस्थेत बाबांच्याही आधीपासूनच्या.

पहिला प्रवेश छान गेला. दुसऱ्या प्रवेशाच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं, की मागच्या रांगांमध्ये हात हलायला लागलेत. ही त्याच्याकडे बघतेय, तो तिच्या फोनमध्ये डोकावतोय. मी बटण दाबत होते, माझ्या पडद्यावर वाक्यं पुढे जात होती, पण त्यांच्या फोनवर हमालाचं एक वाक्य येऊन तिथेच अडकलं होतं. एकाच्या नाही, सगळ्यांच्या. ताई मान वर करून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तिला याची सवय होती, आणि तेच माझ्याच्याने बघवेना.

रंगमंचावरून बाबांनी ते पाहिलं. वाक्य अर्धवट सोडून ते पुढे आले. बाबा तालमीतही मध्ये थांबत नाहीत. एकदा पायाला खिळा लागला तरी प्रवेश संपवूनच आत गेले होते.

"काय झालं गं?" त्यांनी मला विचारलं.

"अडकलंय. सगळ्यांचे फोन अडकलेत."

सर वैतागून म्हणाले, "आपण पुढे जाऊ या. ते नंतर बघता येईल."

"नाही," बाबा म्हणाले. "ते लोक कुठे राहिलेत तिथून परत घेऊ. कुठलं वाक्य होतं?"

मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. फोन जोडले गेले, आम्ही मागे जाऊन तो प्रवेश परत घेतला. थोडा वेळ चाललं आणि पुन्हा अडकलं. मग मीच हात जोडले. उरलेली तालीम ताईच्या मंडळींनी नुसती बघून काढली. जाताना भावोजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लेथवर तुकडा वाकडा गेल्यावर करतात तशी 'पुन्हा लावू' अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी कामावर माझं चित्त नव्हतं. दुपारी डबा खाऊन मी गॅलरीत उभी राहिले. खाली कारखान्यातली माणसं चहाच्या टपरीवर रांगेने उभी होती. मला आमच्याच कामातली एक जुनी भानगड आठवली. एका कारखान्यातल्या एका यंत्राला लावलेला, खबर पाठवणारा डबा उत्तर द्यायचा थांबला, की मालकाच्या फोनवर सगळीच यंत्रं गोठल्यासारखी दिसायची. तेव्हा आम्ही विचारणाऱ्याला मुदत घालून दिली होती: इतक्या वेळात उत्तर आलं नाही तर पुढे जा. नाटकात मी विचारणारी नव्हते, सांगणारी होते. म्हणून ती गोष्ट मला सुचलीच नव्हती. मी आत जाऊन माझा कोड उघडला. आणि सापडलं.

माझा सर्व्हर वाक्य एकेका फोनला क्रमाने देत होता. पहिल्याला दिलं, त्याने घेतलं, मग दुसऱ्याला. त्या दिवशी मिरजेहून आलेल्या एका आजोबांचा फोन जुना होता आणि ते खांबाच्या मागे बसले होते. त्यांचा फोन वाक्य घेईना, आणि माझा सर्व्हर त्यांच्या दारात ताटकळत उभा. मागचे सगळे उपाशी. लायब्ररी अडून बसत नाही असं मी ज्याला-त्याला सांगत होते, पण तिला क्रमाने वाढायला मीच सांगितलं होतं.

मी रचना बदलली. प्रत्येक फोनसाठी वाक्यांची वेगळी छोटी रांग आणि तिच्यातली वाक्यं त्या फोनला पोचवणारं वेगळं काम. वाक्य आलं की ते सगळ्या रांगांमध्ये टाकायचं आणि मोकळं व्हायचं. ज्याचा फोन हळू, त्याची रांग तुंबेल, पण त्याचीच. आणि तुंबली तर जुनी वाक्यं टाकून देऊन आत्ताचं तेवढं पाठवायचं, कारण मागचं शिळं वाक्य वाचण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी ऑफिसमधल्या सगळ्यांचे फोन मागून घेतले, एक मुद्दाम जिन्याच्या खाली नेऊन ठेवला. जिन्याखालचा अडखळत राहिला. बाकीचे चालत राहिले. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना भडंग आणून दिलं.

त्या आजोबांना मात्र मी खांबाच्या मागे बसवलं नाही. प्रयोगाच्या दिवशी त्यांची खुर्ची राउटरच्या शेजारी ठेवली.

प्रयोगाला मागच्या दोन्ही रांगा भरल्या. तिसरी घंटा झाली, अंधार झाला आणि डावीकडच्या कोपऱ्यात काळ्या पडद्यांवरची अक्षरं तेवढी उमटली. पुढच्या रांगेतून कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. काकूंनी संहिता मांडीवर उघडली. प्रकाशवाला पुटपुटला, "बघा हां मॅडम, आता लय मजा येतीया."

मी बाबांच्या ओठांवरून नजर हलू दिली नाही. ओठ हलले की बटण. हमाल आला, प्रवासी आला. "गाडी अगदी वेळेवर आहे," बाबा म्हणाले, आणि मग त्यांच्या पद्धतीने जरासे थांबले. मीही बोट उचलून थांबले. "फक्त ती इथे थांबत नाही."

नाट्यगृह हसलं, आणि मागचा डावा कोपरा त्याच क्षणाला हसला. ताईचं हसू मोठं आणि खरखरीत आहे, ते मला शंभर माणसांत ओळखू येतं. बाबांनाही ते ओळखू येत असणार, कारण पुढचं वाक्य घ्यायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

दुसऱ्या अंकात त्यांनी घात केला. बोलता बोलता ते एकदम पुढच्याच पानावर गेले. मधला मुलाच्या पत्राचा सगळा भाग गाळून टाकला. माझ्या पडद्यावर एक वाक्य, रंगमंचावर दुसरंच. समोरचा हमाल मुरलेला, त्याने सांभाळून घेतलं. मी मात्र लॅपटॉपवर ते वाक्य शोधायला लागले. पडदा वर सरकवू की खाली, काही सुचेना. तेवढ्यात काकूंनी माझ्या मनगटाला धरून स्वतःच्या संहितेवर बोट ठेवलं. "इथे आलाय बघ. पुढचं पान, दुसरं वाक्य." मी तिथे उडी मारली. मधले काही क्षण मी मागच्या रांगांमधले पडदे कोरेच ठेवले होते, पण वाट तुटली नव्हती. सगळे पुन्हा एकत्र आले.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. रात्रीची गाडी न थांबता निघून जाते आणि स्टेशनमास्तर प्रेक्षकांकडे पाठ करून, रुळांकडे बघत, गेलेल्या बायकोशी बोलतो. तालमींच्या काळात बाबांनी सरांना म्हटलं होतं, की मी तोंड इकडे करून बोलू का, पोरीला ओठ दिसतील. ताईनेच नको सांगितलं होतं. त्या रात्री बाबा पाठमोरे उभे राहिले. प्रकाश हळूहळू कमी झाला, फक्त त्या कोटाच्या खांद्यांवर उरला. आता त्यांचे ओठ मलाही दिसत नव्हते. मी त्यांच्या आवाजावर बटण दाबत होते. माझी नजर एकदाच मागे गेली. ताई फोन आणि बाबांची पाठ यांच्या मध्ये कुठेतरी बघत होती. भावोजींनी तिचा हात धरला होता आणि तिने तो सोडवून घेतला नव्हता, म्हणजे तिला त्या वेळी काही बोलायचं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर आम्ही बाहेर आलो. बाबा तोंडावरचा रंग अर्धवट पुसून धावतच आले. नातेवाईक, ओळखीचे सगळे "वा, वा" करत होते. प्रकाशवाल्यानेही "आवं काका, काय काम केलंय तुमी!" म्हणून त्यांचे हात हातात घेतले. बाबांचं लक्ष ताईकडे.

"कसं वाटलं?" त्यांनी स्वतः हातांनी विचारलं. खूण थोडी चुकली, पण समजली.

ताई म्हणाली, "पहिला अंक चांगला. दुसरा लांबलाय. आणि तुम्ही मध्ये विसरलात."

मी हे बोलून सांगायला कचरत होते, पण बाबांना तेवढं कळलं होतं. "कोण म्हणतं विसरलो? कुणाच्या लक्षात नाही आलं!"

"माझ्या आलं. पडदा कोरा झाला. मग एकदम वेगळंच आलं. पत्राचं काय झालं?"

"कुठल्या पत्राचं?" बाबांनी विचारलं, आणि मग कपाळावर हात मारला. आम्ही सगळे हसत सुटलो. काकू म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एक तरी प्रेक्षक भेटला तुला पकडणारा."

बाबांना राग येईल असं मला वाटलं होतं. ते उलट खुलले. दुसरा अंक का लांब आहे, कुठे लांब आहे, तो स्टेशनमास्तर इतका रडका कशाला, यावर त्या दोघांची रस्त्याच्या कडेलाच जुंपली. बाबांचे हात पुरत नव्हते, मग ते तोंडाने बोलायचे, मी खुणा करायचे. माझी भाषांतरं त्यांना पसंत पडेनात, मग ते पुन्हा स्वतःच हात हलवायचे. सातारची एसटी चुकली. भावोजींनी सगळ्यांना हाताला धरून आमच्या घराकडे वळवलं. नाटकावर वाद घालायला बाबांना जन्मभर माणसं मिळाली होती, पण आपली थोरली मुलगी त्यांतली एक असेल असं त्यांना कधी वाटलं नसावं.

त्यानंतर आणखी तीन प्रयोग झाले. कराडच्या एका संस्थेने त्यांच्या नाटकासाठीही हे करून द्याल का म्हणून विचारलंय, आणि मी हो म्हटलंय. कोड मी साफ करून, इतर कुणालाही घेता येईल असा इंटरनेटवर ठेवला. ज्यांनी ती लायब्ररी लिहून फुकट ठेवली ती माणसं मला ठाऊक नाहीत. मलाही माझा कोड कोण वापरेल ते ठाऊक नसलं तरी चालेल.

सगळ्यात जास्त कामाला लागली ती ताई. नवी संहिता आता आधी तिच्याकडे सातारला जाते. लांब वाक्य कुठे तोडायचं, कुठला शब्द गाळला तरी चालतो, हे ती ठरवते. तिचं म्हणणं, वाचताना डोळा खाली आणि नट वर. जितकं कमी लिहाल तितका नट जास्त दिसतो. मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. शिवणयंत्र भिंतीला सरकवून तिने टेबलावर कराडच्या नाटकाची पानं पसरली होती. भावोजी राउटरसाठी लोखंडी स्टँड करून आणणार होते, त्याचं चित्र दाखवायला मध्ये मध्ये येत होते.

ताईने मी लिहिलेली एक ओळ खोडली. 'ढगांचा गडगडाट' अशी ती ओळ होती.

"ही का?" मी विचारलं.

"मोठे स्पीकर लावणार ना ते? मग ते पायांना कळतं. ते लिहू नकोस." तिने पुढचं पान उलटलं. तिथे सनईचे सूर होते. यावर ती अडली. "हे मात्र लिहायला हवं. पण नुसतं 'सनई' लिहून काय कळणार? कशी वाजते ती?"

मी विचार करायला लागले. मला सांगता येईना. शेवटी बाबांना कॉल लावला. त्यांनी चष्मा वर सरकवला, दोन्ही हात मोकळे केले आणि सांगायला सुरुवात केली.